शिशाचे अप्पे

माझा स्वभाव संशयी आहे, हे मला कुणी सांगायची गरज नाही. भाजीवाली मेथीची जुडी पुढे करते तेव्हा मी आधी तिचा हात बघते, मग जुडी. दूधवाल्याचं माप, शिंप्याची कात्री, पंगतीत वाढप्याचा पळा कुणाच्या पानावर जास्त झुकतो, सगळ्यावर माझी नजर. माझी आई म्हणायची, "हिच्या हातावर देवळातला प्रसाद ठेवला तरी ही पोरगी आधी वास घेऊन बघते." ती म्हणायची ते खोटं नव्हतं. अन् एवढ्या नजरेची बाई मी, माझ्या पोटुशा लेकीच्या ताटात माझ्याच हातानं काय वाढलं जातंय, ते मात्र मला दिसलं नाही.

मंठ्यात मेन रोडला आमचं बॅटरीचं दुकान आहे. पुढं दुकान, मागं दोन खोल्या अन् पडवी, मधे फरशी टाकलेलं अंगण. नवऱ्याला मी मालक म्हणते. मालक शेतकऱ्याच्या घरचे, पण जमीन चार भावांत वाटली गेली अन् ह्यांचा जीव काही नांगरात रमला नाही. लग्नाआधीच जालन्याला एका उस्तादाच्या हाताखाली राहून बॅटरीचं काम शिकून आल्ते. सुरुवातीला ट्रॅक्टरच्या अन् जीपच्या बॅटऱ्या यायच्या. पुढं लाइट जाण्याला धरबंद राहिला नाही तशा घरोघरच्या इन्व्हर्टरच्याही यायला लागल्या. गल्ल्यावर मी बसायची. मालकांचा स्वभाव भोळा, कुणी काहीही सांगितलं तरी मान डोलावणार. म्हणून दुकानात बोलायचं काम माझं अन् हात काळे करायचं काम त्यांचं, अशी आमची वाटणी होती.

बॅटरी मेली की गिऱ्हाईक ती आमच्याकडं घेऊन यायचं. मालक वरचं डांबर खरवडून झाकण काढायचे, आतल्या प्लेटा उपसायचे, कामाच्या असतील त्या नव्यांसोबत बसवून बॅटरी परत उभी करायचे. ॲसिडचं पाणी भिंतीकडच्या नालीत जायचं. त्या नालीच्या काठाला पावसाळ्यातसुद्धा गवत उगवत नसे, अन् मी म्हणायची, बरंच झालं, साप-विंचू तरी येत नाहीत. निकामी प्लेटा लोखंडी कढईत वितळवायच्या, वरची राख काढून टाकायची अन् खालचं पातळ शिसं साच्यात ओतायचं. साचा म्हणजे माझं बिडाचं अप्पेपात्र. आईनं आंदणात दिलेलं, कानाशी तडकलं म्हणून स्वयंपाकातून बाद केलेलं. थंड झाल्यावर ते उलटं करून ठोकलं की गोळे टपटप खाली पडायचे, खालून गोल, वरून सपाट. आम्ही त्यांना अप्पेच म्हणायचो. "आज किती अप्पे झाले हो?" असं मी गल्ल्यावरून ओरडून विचारायची अन् नवं गिऱ्हाईक बावचळून बघायचं. पडवीत दोन-तीन पोती भरली की जालन्याचा भंगारवाला टेम्पो घेऊन यायचा.

असं सगळं सुरळीत चालू असताना एक दिवस कंपनीचा माणूस आला. नव्या बॅटऱ्या आम्ही ज्या कंपनीच्या विकायचो, तिचाच माणूस. एरवी मोटरसायकलवर पोस्टरांची गुंडाळी बांधून यायचा. ह्या वेळी फॉर्म घेऊन आल्ता.

"ताई," तो म्हणाला, "सरकारनं नवा नियम काढलाय. ज्यानं बॅटरी बनवली त्यानंच ती मेल्यावर परत गोळा करायची. दुकानदारानं नवी विकताना जुनी ठेवून घ्यायची. उघडायची न्हाई, पाणी सांडायचं न्हाई, जशीच्या तशी आमच्या ताब्यात द्यायची. अन् दर सहा महिन्यांनी ह्या कागदावर भरायचं, किती विकल्या, किती परत आल्या."

"अन् तुम्ही काय करणार त्याचं?"

"आमच्या कारखान्यात वितळवणार. शिसं परत वापरणार."

"हां! तुम्ही वितळवलं तर नियम, अन् आम्ही वितळवलं तर गुन्हा?"

"तसं न्हाई ताई. तिथं धूर अडवायची सोय असते. शिसं विषारी हाय. अंगणात कढई ठेवून करायचं काम न्हाई हे."

मी त्याच्याकडं नीट बघून घेतलं. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, जिभेवर साखर. जी कंपनी एक बॅटरी बदलून द्यायची म्हटलं की आम्हाला चार महिने झुलवायची, तिला एकदम आमच्या अंगणातल्या धुराची काळजी लागली? म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय. मालक तोवर सही करायला पेन शोधत होते. मी म्हणाले, "पेनात शाई न्हाई. पुढच्या वेळी या." तो बिचारा एक छापील पत्रक ठेवून गेला. त्यावर काय लिहिलं होतं ते मी वाचलंसुद्धा नाही, मालकांनी त्याला ग्रीसचे हात पुसले.

तो दुसऱ्यांदा आला तेव्हा मी आधीपासूनच तयारीत होते. म्हणाले, जुन्या बॅटऱ्या येतच न्हाईत आजकाल. तो मागच्या पोत्यांकडं बघत हसला अन् चहा पिऊन गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी चहासुद्धा विचारला नाही. उंबऱ्यातच उभं राहून म्हणाले, "आमच्या मेहनतीवर डोळा ठेवून फिरू नका." मालकांना फार लागलं ते.

पण माझ्या डोक्यात चक्र फिरायला लागलं होतं. कंपनी एवढी मागं लागली, सरकारनं कायदा केला, म्हणजे ह्या अप्प्यांत नक्की काहीतरी भारी आहे. आपल्याला कुणी कळू दिलेलं नाही. दुपारी जेवताना मी मालकांना विचारलं, "ह्यात नुसतं शिसंच असतं का?"

"शिसंच. टर्मिनलच्या खुंट्यांमधी अन् प्लेटांच्या जाळीमधी कंपनी दुसरा धातू मिसळते थोडा, कडक व्हावं म्हणून."

"कोणता दुसरा?"

"उस्तादानं नाव न्हाई सांगितलं. अन् मीबी न्हाई विचारलं."

हे असे आमचे मालक. वीस वर्षं काम केलं अन् विचारलं नाही! मग मीच विचार केला. टर्मिनलचे अप्पे मालक वेगळे ओतून ठेवायचे, ते पांढरेशुभ्र दिसायचे, नखानं चरा पडत नव्हता लवकर. पांढरा, चमकणारा, वितळवता येणारा, महाग. कथीलच की! दुसरं काय असणार? कल्हईवाला जे सोन्यासारखं चिमटीनं वापरतो, ते कंपनी आमच्याकडून गोड बोलून पोत्यानं न्यायला निघाली होती. मला एवढा आनंद झाला, एखादा चोर रंगेहाथ पकडावा तसा. त्या दिवसापासून मी भंगारवाल्यालाही टर्मिनलचे अप्पे द्यायचे बंद केले. वेगळ्या डब्यात भरून फळीवर, तांदळाच्या डब्याशेजारी ठेवले.

आमची एकच लेक. वाटूरला दिलेली, फाट्यावर जावयाचं खतांचं दुकान. तिला दिवस गेले तेव्हा मी आनंदानं येडी झाले. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, हा आपल्याकडचा रिवाज, अन् सातव्या महिन्यात तिला आणायचं ठरलं. मी ठरवलं, पोरीला स्टीलच्या भांड्यातलं फिक्कं खाऊ घालायचं नाही. माझ्या लग्नातली पितळेची पातेली माळ्यावर होती. पितळेतलं वरण, पितळेतलं कालवण अंगी लागतं, असं आमच्याकडं सगळ्याच बाया म्हणतात. पण पितळेला आंबट चालत नाही, आधी आतून कल्हई पाहिजे.

कल्हईवाले चाचा दर वर्षी दिवाळीच्या आधी गल्लीत येऊन बसायचे. पांढरी दाढी, अंगात बंडी, एका पायानं भाता दाबत बसलेले. जमिनीत खड्डा करून त्यात कोळसे फुलवायचे, पातेलं लालबुंद तापवायचे, नवसागराची चिमूट टाकायचे, भकदिशी पांढरा धूर निघायचा, अन् कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं सर्रकन फिरवली की आतून चांदीसारखं पातेलं. लहानपणापासून बघते आहे, तरी दर वेळी बघावंसं वाटतं. पण त्यांच्या कांडीवर माझा भरवसा नव्हता. मागच्या वर्षीची कल्हई दोन महिन्यांत काळी पडली होती. तेव्हापासून मला वाटायचं, म्हातारा कथलात शिसं मिसळतो.

ह्या वेळी मी पातेल्यांसोबत माझा डबा घेऊन गेले. म्हणाले, "चाचा, ह्या खेपेला कथील माझं. तुमची कांडी ठेवा पिशवीत."

चाचांनी डब्यातला एक अप्पा उचलला. हातावर तोलला, एकदा नव्हे दोनदा. "भाभी, हे कथील न्हाई. शिसा है."

"कंपनीचं हाय ते. तुम्हाला न्हाई कळणार."

"वजन देखो ना. कथील इतना जड नसतो." त्यांनी पिशवीतून आपली कांडी काढली, माझ्या कानाजवळ धरली अन् हळूच वाकवली. बारीक करकर आवाज आला, कोरडं काटूक मोडताना येतो तसा. "सुना? असली कथील बोलतो. तुमचा हा बोलणार न्हाई."

आता माझं डोकं फिरलं. मला काय पोरासोरांचे जादूचे खेळ दाखवता? कांडी वाजवून माझ्याकडून तिचे पैसे काढायचे, एवढंच त्यांच्या मनात आहे असं मी धरून चालले. शेजारच्या दोन बाया भांडी घेऊन उभ्या होत्या, त्यांच्यासमोर मी म्हणाले, "चाचा, मागच्या वर्षी तुम्ही काय भेसळ केली ते मला माहीत हाय. करायचं असंल तर माझ्या मालानं करा, न्हाईतर भाता गुंडाळा."

म्हाताऱ्यानं आपली कांडी खाली ठेवली. मग म्हणाला, "नुसता हा धरत नाही पितळेला. थोडा माझा मिलाना पडेगा." अर्धं माझं अर्धं त्यांचं घेऊन त्यांनी तीन पातेली अन् एक ताकाचं भगुनं करून दिलं. देताना एवढंच बोलले, "भाभी, इसमें खट्टा मत रखना. बराबर लक्षात ठेवा."

मला शिकवतो! कल्हई कशासाठी करतात, आंबट चालावं म्हणूनच ना? मी घरी आले, चिंचेनं भांडी उजळली अन् फळीवर ओळीनं मांडली. पोरगी येणार म्हणून माझे हात कामाला थकत नव्हते.

लेक आली. तिला डोहाळे सगळे आंबटाचे. सकाळी ताक, दुपारी अंबाडीची भाजी, संध्याकाळी चिंच-गुळाचं वरण. ताक तर मी रात्रीच भगुन्यात काढून ठेवायची, सकाळपर्यंत छान आंबायचं. ती ओट्याशी उभी राहून गटागटा प्यायची अन् ओठावरची पांढरी मिशी पुसत म्हणायची, "आई, तुझ्या हातच्या ताकाला वेगळीच चव हाय, गोडसर." मी म्हणायची, "पितळेची करामत हाय माय ती." मी अन् मालक उरलंसुरलं खायचो. मालकांना ताक चालत नाही, अन् मी आधी गिऱ्हाइकांचं, मग घरातल्यांचं अन् मग माझं, अशी. सगळ्यात जास्त तिच्याच पोटात गेलं.

महिनाभर बरं गेलं. मग तिचं पोट दुखायला लागलं. साधं दुखणं नाही, कपडा पिळावा तसं पोट पिळवटायचं, ती गुडघे पोटाशी घेऊन पडून राहायची. आठ-आठ दिवस शौचाला व्हायचं नाही. तोंड पांढरंफटक पडलं. म्हणायची, "आई, तोंडाला खिळा चोखल्यासारखी चव येती." मंठ्यातल्या दवाखान्यात गोळ्या दिल्या, दोन दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. अन् मी बाई काय करत होते? आंबट खाल्ल्यानं तोंडाला चव येईल म्हणून अजून ताक देत होते.

ह्यातही मी कुणाचा तरी दोष शोधायला सुरुवात केली. वाटूरहून विहीणबाईंनी डिंकाचे लाडू पाठवले होते. नात नको, नातूच पाहिजे, असं त्या एकदा सहज बोलून गेल्या होत्या. माझ्या मनानं घेतलं, कुण्या बाबाची पूड-बिड तर घातली नाही लाडवात? मी लाडवांचा डबा उकिरड्यावर ओतला अन् समोरच्या एसटीडीवरून फोन लावला. "काय खाऊ घातलंत माझ्या पोरीला? खरं खरं सांगा." पलीकडून विहीणबाई रडायला लागल्या. एसटीडीवाला कान टवकारून ऐकत होता. मला वाटलं, रडते म्हणजे हिच्या पोटात काहीतरी पाप आहे.

शेवटी जावई जीप घेऊन आला अन् आम्ही लेकीला जालन्याला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई मोठ्या शांत. त्यांनी पोट तपासलं, मग टॉर्च लावून तोंड तपासलं अन् बराच वेळ तिच्या हिरड्या बघत राहिल्या. हिरड्यांच्या कडेला बारीक निळसर काळी रेघ होती. आम्ही रोज तिचं तोंड बघत होतो, पण ओठ उचलून कोण बघतं?

"घरात काम कशाचं आहे?"

"बॅटरीचं," मालक म्हणाले.

"ही त्या कामाजवळ असते?"

"न्हाई हो," मी मधेच बोलले, "ती आतल्या खोलीत असती. धुराकडं मी जाऊच देत न्हाई तिला."

"मग जेवण कोणत्या भांड्यात करता?"

हे मला आवडलं. म्हटलं, एवढ्या शिकलेल्या बाईला तरी आपली काळजी कळली. मी फुशारून सांगितलं, "पितळेच्या, डॉक्टर. पोरगी येणार म्हणून मुद्दाम कल्हई करून घेतली. अन् कल्हईवाल्याचं भेसळीचं कथील न्हाई वापरू दिलं. माझं घरचं कथील दिलं."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "घरचं कथील? ते कुठून आलं?"

बॅटरीतून आलं, हे वाक्य माझ्या जिभेवर येऊन थांबलं. मालकांनी डोक्याला हात लावला. मला चाचांचा हात दिसला, अप्पा दोनदा तोलणारा. त्यांनी कानाशी वाजवलेली कांडी आठवली. खट्टा मत रखना. लेक तपासायच्या पलंगावर पडल्या पडल्या माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. ती नुसती बघत होती, जसं मी आयुष्यभर सगळ्यांकडं बघत आले तसं.

रक्त बाहेरगावी तपासायला पाठवलं. उत्तर यायच्या आधीच डॉक्टरीणबाईंनी तिला दवाखान्यात ठेवून घेतलं अन् घरचा एक घास द्यायचा नाही असं सांगितलं. उत्तर तेच आलं. शिसं. मालकांचं रक्तही तपासलं, त्यांच्यातही निघालं, शिशानं हाताची ताकद जाते, काम करता करता त्यांच्या हातातून पाना का गळून पडायचा ते तेव्हा कळलं. मी विचारलं, "बाळाचं?" त्या म्हणाल्या, "आईच्या रक्तातून बाळाकडे जातं. किती गेलं ते आत्ता सांगता येणार नाही. वाट बघू." दवाखान्याच्या जिन्यावर बसून मी जे रडले ते कुणाला दाखवायला नाही रडले. माझी मलाच किळस आली होती.

दिवस पूर्ण व्हायच्या आधीच लेक बाळंत झाली. मुलगी. एवढीशी, मुठीत मावावी अशी, पण रडली जोरात. विहीणबाई वाटूरहून आल्या, माझ्याकडं न बघता पुढं गेल्या अन् नातीला उचललं. मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी पाय मागं घेतले.

मंठ्याला परत आल्यावर मी पहिल्यांदा चाचांकडं गेले. बाजारपेठेमागं त्यांची खोली. घडलं ते सगळं सांगितलं. सगळं ऐकून म्हातारा म्हणाला, "मीबी तर केलं ना भाभी. नको म्हणून उठून जायला पाहिजे होतो. भट्टी पेटलेली होती, बस गया." मला वाटलं होतं ते शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग मी कंपनीच्या माणसाला निरोप पाठवला. तो चौथ्यांदा आला तेव्हा टेम्पो घेऊन, पण बिचकत बिचकतच आला, दाराबाहेर उभा राहिला. मी म्हणाले, "आत या. चहा घ्या. अन् तो फॉर्म काढा." पडवीतली सगळी पोती, न उघडलेल्या बॅटऱ्या, टर्मिनलच्या अप्प्यांचा डबा, सगळं अंगणात मांडलं. कढई अन् ते तडकलेलं अप्पेपात्रसुद्धा. मालकांनी भट्टीच्या विटा आधीच उपसून टाकल्या होत्या. तो एकेक मोजून लिहून घेत होता अन् मी शेजारी उभी होते. खरंच कारखान्यात जाणार का हे, का मधेच कुठं दुसऱ्याच्या अंगणात जाऊन वितळणार, असा प्रश्न तेव्हाही माझ्या ओठावर आला. विचारलाच मी. तो म्हणाला, "ताई, पोचल्याची पावती मी स्वतः आणून देतो." अन् महिनाभरानं खरंच आणून दिली.

सगळं गाडीत चढल्यावर मी आतून तीन पातेली अन् ताकाचं भगुनं आणलं. म्हणाले, "हेबी न्या."

"हे आमच्यात बसत न्हाई ताई. फक्त बॅटऱ्या अन् शिसं."

"ह्यातबी शिसंच हाय."

"हाय. पण फॉर्मात भांड्यांचा रकाना न्हाई." त्याला वाईट वाटलं असावं, तो उगीच फॉर्म उलटा करून बघत राहिला.

बनवणाऱ्याला आपली बॅटरी परत न्यायला लावणारा कायदा झाला, पण माझ्या हातानं घडलेलं परत न्यायला कुणाची गाडी येणार? भांडी मोडीत द्यायला मन धजेना. कुण्या बाईनं स्वस्तात मिळाली म्हणून घेतली अन् त्यात कालवण केलं तर? ती अजून आमच्या माळ्यावर आहेत, पोत्यात घालून तोंड सुतळीनं शिवलेली. वर मी खडूनं फुली मारली आहे.

दुकान चालू राहिलं. जुनी बॅटरी आली की उघडत नाही, जशीच्या तशी ठेवतो. दर सहा महिन्यांचा फॉर्म मी स्वतः भरते, खाडाखोड न करता. शेजारचे दुकानदार हसतात, म्हणतात, ह्यांना कंपनीनं काहीतरी दिलं असंल. त्यांचा माझ्यावर संशय आहे, अन् मी त्यांना काही समजावत बसत नाही. फक्त एवढं म्हणते, "येऊन माझ्या लेकीला विचारा."

नात आता सहा वर्षांची आहे. चालली वेळेवर, पण बोलायला फार वेळ लावला. पहिला शब्द आला तेव्हा तिच्या वयाची पोरं गाणी म्हणत होती. अजून एक वाक्य पुरं करताना मधेच थांबते, छताकडं बघते, शब्द शोधते, मग हसते. डॉक्टरीणबाईंना मी दर वेळी विचारते, हे त्याच्यामुळंच का? त्या म्हणतात, त्याच्यामुळंच असं सांगता येत नाही, अन् त्याच्यामुळं नाही असंही सांगता येत नाही. मला उत्तर माहीत आहे, पण त्यांच्या तोंडून ऐकायचं असतं.

लेक दिवाळीला येते. एसटीतून उतरते तेव्हा एका हातात पोरीचं बोट असतं अन् दुसऱ्या हातात तीन पुडाचा डबा अन् पाण्याची बाटली. भाकरी, भाजी, पोरीसाठी खिचडी, सगळं वाटूरहून करून आणलेलं. दोन दिवस राहायची असली तर कच्चं धान्य अन् आपलं पातेलं आणते. माझ्या घरात आता सगळं स्टील आहे, तिला माहीत आहे, मी तिला एकेक भांडं दाखवलं आहे. तरी ती डबा आणते.

ह्या दिवाळीला लेक अंगणात कपडे वाळत घालत होती अन् मी ओट्याशी ताक घुसळत होते. नात येऊन माझा पदर ओढायला लागली. छताकडं बघितलं, शब्द शोधला, सापडला. "आजी... मला... ताक." एवढं सरळ, पुरं वाक्य. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मी स्टीलचा पेला भरला अन् तिच्या हाताशी नेला. मग थांबले. हाक मारली, "माय, पोरगी ताक मागती. देऊ का?"

लेक ओले हात पुसत आत आली. माझ्या हातातला पेला घेतला. खिडकीच्या उजेडात धरला. आत बघितलं, बाहेरून फिरवून बघितलं, बुडाला बोटानं चाचपलं. नाकाशी नेऊन वास घेतला, अगदी मी घेते तसा. मग पेला ओट्यावर ठेवला, पिशवीतून आपली बाटली काढली अन् पोरीच्या तोंडाला लावली. पोरगी पाणी पिता पिता पेल्याकडंच बघत होती.

तिच्या जागी मी असते तर मीसुद्धा दिलं नसतं.